खाजणाची कैफियत

नव्या मुंबईला इतिहास कसला, असे पुष्कळजण म्हणतात. वास्तविक बेलापूरला किल्ल्याचे अवशेष आहेत. पण ते राहू द्या. मी दिवसा शाळेत इतिहास शिकवतो आणि रात्री कादंबऱ्या लिहितो, आणि या दोन्ही उद्योगांनी मला एक सवय लावली आहे : दप्तरात ज्याची नोंद नाही, त्याची चौकशी आधी करावयाची. या शहराच्या दप्तरात शेतकरी सापडतो, मिठागरवाला सापडतो, हप्त्याने घर घेणारा कारकूनही सापडतो. तिवर, निवटी आणि कोल्हा यांच्या नावाचा सातबारा मात्र कोठेच नसतो. दिवाळीच्या फराळाबरोबर त्यांचीही कैफियत वाचकांनी ऐकून घ्यावी.

मुंबईचे बेट चिंचोळे. माणसे एका खोलीत आठ-आठ राहात होती. तेव्हा १९६५ साली चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता व शिरीष पटेल यांनी 'मार्ग' या नियतकालिकातून सुचविले, की शहर उत्तरेकडे लांबविण्यापेक्षा खाडीपलीकडे नेऊन वसवावे. १९७० च्या मार्चमध्ये त्यासाठी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावांची सुमारे ३४४ चौरस किलोमीटर भूमी योजनेखाली आली. १९७३ च्या आराखड्यात २० लाख वस्तीचा हिशेब मांडला होता, आणि त्याच साली वाशीचा खाडीपूल वाहतुकीस खुला झाला. हेतू चांगला होता. मी स्वतः अशाच वसाहतीत राहतो. घराला नावे ठेवण्याचा कृतघ्नपणा माझ्याकडून होणार नाही.

परंतु सालांची एक गंमत पाहा. पाणथळींविषयीचा रामसर येथील आंतरराष्ट्रीय करार १९७१ चा. भारत त्यात सामील झाला १९८२ साली. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. आणि एखाद्या बांधकामाचा परिसरावर काय आघात होईल ते आधी मोजून घ्या, असे सांगणारी सरकारी अधिसूचना निघाली १९९४ साली. म्हणजे लग्न लागून एकवीस वर्षे झाल्यावर पत्रिका जुळवावयास बसावे, तशातला हा प्रकार!

मग ही जमीन होती तरी कशी? पडीक खासच नव्हती. पण कोणाचा हात न लागलेले रानही नव्हे. पिढ्यानपिढ्या आगरी शेतकऱ्यांनी समुद्राला बांध घालून खाजणातून भाताची शेते काढली. असे बांध घालून देणाऱ्यांना शिलोत्री हक्काने जमीन मिळत असे. बांधाला उघाडी ठेवावयाची : ओहोटीला गोडे पाणी बाहेर सोडावयाचे, भरतीला खारे पाणी आत येऊ द्यावयाचे नाही. बांध फुटला आणि दुरुस्त झाला नाही, की चार-दोन वर्षांत तेथे तिवर उभे राहात. बांधाच्या बाहेर चिखलात निवट्या उड्या मारीत, चिंबोऱ्या बिळे करीत, आणि संध्याकाळी तिवरांतून कोल्हेकुई ऐकू येई. माझ्या वर्गातील आगरी मुलांना मी एकदा विचारले, की तुमचे आजोबा कोणते मासे आणीत? नदी-पर्वतांची नावे सांगताना अडखळणारी ही मुले बोटे मोडून मोजू लागली. जिताडा म्हणताना तर त्यांचे डोळे चकाकले. मी मुकाट्याने फळा पुसला आणि त्या दिवशी पानिपत पुढे ढकलले.

शहर बांधणाऱ्यांनी केले ते तत्त्वतः तेच, मोठ्या प्रमाणावर. जमीन भरतीच्या पातळीहून खाली. सगळीकडे भराव टाकणे परवडणारे नव्हते. म्हणून डच पद्धतीने कडेला बांध आणि आत 'धारण तलाव' अशी योजना झाली. समुद्र चढला की त्याच्या दाबाने झडपा आपोआप मिटतात; तेवढा वेळ पावसाचे पाणी तलावात थांबते; ओहोटी लागली की बाहेर पडते. उघाडीचीच ही शिकली-सवरलेली नात! जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकऱ्यांना मात्र फार मोठी किंमत द्यावी लागली. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात गोळीबार होऊन पाचजण बळी पडले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना त्या रक्ताची आहे. माणसांनी निदान मोर्चा तरी काढला. कोल्ह्यांनी काय काढावे?

येथवरची हकीकत नाशाचीच आहे असे वाटेल. पण निसर्ग कादंबरीकाराहून अधिक कावेबाज. खाडीत गाळ साचत गेला, त्यावर तिवर पसरले. धारण तलावही गाळाने भरले आणि त्यांतही तिवर उगवले. शहराच्या सांडपाण्याने पोसलेल्या खाडीत शेवाळ माजले, आणि १९९० नंतरच्या काही वर्षांत शिवडीच्या व ठाणे खाडीच्या चिखलावर रोहित पक्षी हजारोंनी उतरू लागले. घाणीवर पोसलेले हे गुलाबी वैभव! त्याला सुंदर म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते, पण म्हणतोच.

या पाहुण्यांची अडचण अशी, की भरती आली म्हणजे चिखल बुडतो आणि त्यांना उथळ पाण्यात उभे राहावयास दुसरी जागा लागते. नेरूळची, उरणकडची तळी ती जागा देतात. २०१५ साली खाडीचा १,६९० हेक्टर भाग अभयारण्य झाला, २०२२ साली तो रामसरच्या यादीत गेला. पण ही तळी त्या रेषेबाहेर राहिली. पक्ष्याचे जेवणघर राखले आणि निजावयाची खोली नकाशावर मोकळा भूखंड म्हणून उरली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरतोडीला बंदी केली. २०१८ च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने नेरूळच्या पाणथळीवर घरे व गोल्फचे मैदान उभारण्याची परवानगी रद्द केली. तंटा पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. तिकडे विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला. २०१० ची पर्यावरण-परवानगी मिळविताना गाढी नदी मात्र वळवू नये, असे ठरले. आघात मोजल्याने एक नदी वाचली, एक गेली. मोजदादीचा हा पदरी पडलेला हिशेब.

नेरूळच्या एका तळ्याला भरतीचे पाणी पोचविणाऱ्या वाटा बुजल्या, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे रोहित मेलेले आढळले. त्यानंतर २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने सुमारे ३० एकरांचे हे तळे संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. यंदा थवे आले की मी वर्गाला तेथे नेणार आहे. अष्टमीच्या भांगाला भरती बेताची असते, पक्षी खाडीतच राहतात. म्हणून पंचांग पाहून उधाणाचा, पौर्णिमेजवळचा रविवार मुक्रर केला आहे. आगरी मुलांनी माझी तिथी बरोबर आहे, असा निर्वाळा दिला आहे.