कार्ड लावले, दार उघडले नाही

4 ऑक्टोबर 2021, सोमवार. सर्व वेळा भारतीय.

सकाळ. महाराष्ट्रात शाळा पुन्हा भरल्या. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी, शहरांत आठवी ते बारावी. कोरोनाच्या काळात अनेक घरांत शाळा म्हणजे वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप होता. केंद्र सरकारने त्याच वर्षी दिलेल्या आकड्यानुसार देशात 53 कोटी लोक फेसबुकच्या मालकीचे व्हॉट्सॲप वापरत होते.

रात्री 9 च्या आधी. कॅलिफोर्नियात सकाळ. फेसबुकच्या डेटा सेंटरांना एकमेकांशी जोडणाऱ्या बॅकबोनवर, म्हणजे हजारो मैलांच्या फायबरवर, देखभालीचे नेहमीचे काम चालू होते. बॅकबोनची किती क्षमता शिल्लक आहे हे पाहण्यासाठी एक कमांड दिली गेली. अशा कमांडमधली चूक अडवणारे तपासणीचे एक साधन होते. त्यात बग होता. कमांड पुढे गेली.

9.09 च्या सुमारास. बॅकबोनच्या सगळ्या जोडण्या तुटल्या. जगभरातली डेटा सेंटरे एकमेकांपासून सुटी झाली.

9.10. फेसबुककडून मार्गबदलाच्या सूचनांचा एकाएकी लोंढा आल्याचे बाहेरच्या कंपन्यांच्या नोंदींत दिसते. कंपनीचे डीएनएस सर्व्हर, म्हणजे नावावरून इंटरनेटवरचा पत्ता सांगणारी यंत्रे, चालू होते. पण डेटा सेंटरशी बोलणे होत नसेल तर आपलेच नेटवर्क बिघडले आहे असे समजून इंटरनेटवरची आपली वाट मागे घ्यायची, असा त्यांना नियम घालून दिला होता. एखादे केंद्र बिघडले तर हा नियम शहाणपणाचा. त्या रात्री प्रत्येक केंद्राने एकाच वेळी तो पाळला. गाव जागेवर होते, गावाकडे जाणाऱ्या रस्त्यांच्या पाट्या गेल्या होत्या.

9.21. क्लाउडफ्लेअर या कंपनीत तक्रार नोंदवली गेली: फेसबुकचा पत्ता मिळत नाही. आधी त्यांना आपल्याच यंत्रणेत दोष असल्याची शंका आली. घराघरांतही तेच झाले. लोकांनी वायफाय राउटर बंद करून चालू केले. दोष राउटरमध्ये नव्हता.

9.28. फेसबुकने आपल्या डीएनएसचे मार्ग जाहीर करणेच थांबवले आहे, हे क्लाउडफ्लेअरच्या लक्षात आले. फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही दिसेनासे झाले होते. वापरणारे सुमारे 350 कोटी. फोनमधली ॲप्स मात्र पुन्हा पुन्हा पत्ता विचारत राहिली. डीएनएसकडे येणाऱ्या या प्रश्नांचे प्रमाण काही ठिकाणी नेहमीच्या 30 पट झाले.

यानंतरचे काही तास मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. बिघाड काय आहे हे आता हळूहळू कळत होते. तो दुरुस्त करायला आत जाता येत नव्हते.

अभियंत्यांची रोजची वाट नेटवर्कवरून होती. ती बंद. मुख्य जाळे पडले तर वापरायची म्हणून एक वेगळी वाट ठेवलेली होती. तीही बंद. बिघाड शोधण्याची कंपनीतली बरीच साधने डीएनएसवर चालत. तीही गेली. उरला एकच मार्ग: माणसाने उठून डेटा सेंटरपर्यंत जायचे आणि यंत्रासमोर उभे राहायचे.

कर्मचारी कार्यालयांच्या दारांशी पोहोचले. न्यूयॉर्क टाइम्सच्या पत्रकार शीरा फ्रेंकेल यांनी आतल्या माणसाच्या हवाल्याने कळवले की कार्ड चालत नव्हती, दारे उघडत नव्हती.

कार्ड रीडर सहसा स्वतः काहीच ठरवत नाही. तो कार्डावरचा क्रमांक वाचून कंट्रोलरला देतो. कंट्रोलर यादी पाहतो आणि मग कुलूप सुटते किंवा सुटत नाही. यादीची प्रत कंट्रोलरमध्येच साठवलेली असेल तर नेटवर्क गेले तरी दार उघडते. दर वेळी दूरच्या सर्व्हरला विचारावे लागत असेल तर उघडत नाही. कार्यालयात दारे बसवताना हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. कार्डाचा रंग मात्र बैठकीत ठरतो.

10 ते 2. कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथील डेटा सेंटरला एक छोटी तुकडी पाठवली गेली. अशा केंद्रांत शिरणे मुद्दामच अवघड केलेले असते. आत गेल्यावरही राउटरला हात लावून त्यात बदल करता येऊ नये, अशीच रचना असते. चोराला थांबवण्यासाठी केलेली प्रत्येक सोय त्या रात्री मालकाच्या माणसांना थांबवत होती. वेळ त्यातच गेला. पायाभूत यंत्रणांचे उपाध्यक्ष संतोष जनार्दन यांनी नंतर हे उघडपणे लिहिले. रोजची सुरक्षितता वाढते, म्हणून ही किंमत मोजणे त्यांना योग्य वाटते.

1.30. न्यूयॉर्कचा बाजार बंद झाला. फेसबुकचा शेअर 4.9 टक्के खाली होता.

2.30. फेसबुकच्या नेटवर्ककडून पुन्हा मार्ग जाहीर होऊ लागले.

2.47. या हालचालीचा जोर सर्वाधिक.

2.50. पत्ता मिळू लागला.

2.58. फेसबुक इंटरनेटला पुन्हा जोडले गेले. सगळे एकदम चालू करता येत नव्हते. एकेका डेटा सेंटरचा वीजवापर कित्येक मेगावॉटांनी घसरला होता. तो एका झटक्यात वर गेला असता तर विजेच्या यंत्रणेसह सारेच धोक्यात आले असते. इथे जुनी तालीम कामी आली. एखादे केंद्र किंवा अख्खा प्रदेश बंद पाडून तो पुन्हा उभा करण्याचा सराव कंपनी वर्षानुवर्षे करत होती. त्याला ती ‘स्टॉर्म’ म्हणत असे. अख्खा बॅकबोन गेला आहे, असा सराव मात्र तिने कधीच केला नव्हता.

व्हॉट्सॲपवर न गेलेल्या संदेशापुढे घड्याळाचे छोटे चिन्ह दिसते. 9 नंतर पाठवलेल्या संदेशांपुढे ते तसेच होते. पहाटे ते एकेक करून पुसले जाऊ लागले. तेव्हा बहुतेक घरे झोपलेली होती.