ऑटोमॅटिक मोटारगाडी : गाडी लावणे आणि मूलभूत नियंत्रणे

जिच्यात क्लचचे पेडल नसते आणि धावताना गिअर बदलण्याचे काम यंत्रणाच करते, ती ऑटोमॅटिक मोटारगाडी. पायाशी दोनच पेडल्स असतात : उजवीकडे ॲक्सिलरेटर आणि त्याच्या डावीकडे ब्रेक. दोन्हींवर उजवाच पाय जातो. डाव्या पायाला काम नसते आणि ते देऊही नये. वर्षानुवर्षे क्लच दाबलेल्या डाव्या पायाला पेडल एका दमात तळापर्यंत नेण्याची सवय झालेली असते; तो ब्रेकवर पडला तर गाडी जागच्या जागी अडते आणि मागून येणारा आदळतो. नवशिक्याने तो पाय डावीकडच्या टेकूवर ठेवून द्यावा किंवा सीटखाली मागे ओढून घ्यावा.

ही गाडी चालवायला सोपी आहे, यात शंका नाही. थांबवून सोडून जाण्याच्या बाबतीत मात्र ती हातगिअरच्या गाडीपेक्षा जास्त शिस्त मागते. हातगिअरच्या गाडीत क्लच चुकून सुटला तर गाडी एक गचका देऊन बंद पडते, आणि त्यात चालकाचा बचाव होतो. ऑटोमॅटिक गाडी अशी बंद पडत नाही. इंजिन सुरू आहे आणि गिअरचा दांडा ‘डी’ (पुढे) किंवा ‘आर’वर (मागे) आहे, तोवर ती पुढे किंवा मागे सरकायला तयारच असते, तिला धरून ठेवलेले असते ते फक्त ब्रेकने. या गाड्यांचे उभ्या जागी होणारे अपघात बहुतेक याच गोष्टीच्या विसरातून घडतात.

प्रकार : पूर्ण स्वयंचलित गिअरपेटी मोठ्या प्रमाणावर प्रथम विकली गेली ती अमेरिकेत. जनरल मोटर्सने १९४० सालच्या ओल्ड्समोबील गाड्यांसाठी ‘हायड्रा-मॅटिक’ ही पेटी आणली. आज टॉर्क कन्व्हर्टर, सीव्हीटी, दुहेरी क्लचची डीसीटी आणि एएमटी असे चार प्रकार प्रामुख्याने दिसतात. भारतात ऑटोमॅटिक गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आणली ती एएमटीने. २०१४ च्या फेब्रुवारीत मारुती सुझुकीची सेलेरिओ या पद्धतीची पेटी घेऊन आली आणि पाठोपाठ इतर कंपन्यांच्या छोट्या गाड्याही आल्या. एएमटीमध्ये क्लच आणि गिअर नेहमीच्याच गाडीचे असतात; ते हलवण्याचे काम तेवढे चालकाऐवजी यंत्र करते. विजेवर चालणाऱ्या गाड्यांत बहुधा एकच गिअर असतो, तरी त्यांचा दांडा किंवा फिरते बटण ऑटोमॅटिकसारखेच वापरायचे असते.

गाडी लावताना या प्रकारांतला एकच भेद खऱ्या अर्थाने महत्त्वाचा असतो : दांड्यावर ‘पी’ आहे की नाही.

दांड्याच्या जागा : रूढ क्रम पी, आर, एन, डी असा आहे. ‘पी’ म्हणजे पार्क, ‘आर’ मागे जाण्यासाठी, ‘एन’ न्यूट्रल आणि ‘डी’ पुढे जाण्यासाठी. हा क्रम सोय म्हणून सहज ठरलेला नाही. जुन्या अमेरिकन गाड्यांत मागचा गिअर पुढच्या हळू गिअरला अगदी लागून असे. दांडा एक घर जास्त सरकला की पुढे निघालेली गाडी मागे येई. अमेरिकेच्या संघीय सुरक्षा मानकाने १९६८ पासून पुढच्या आणि मागच्या गिअरांमध्ये न्यूट्रल असणे बंधनकारक केले. ‘डी’शेजारी ‘एल’, ‘एस’, ‘२’ किंवा अधिक-उणे चिन्हांची जागा असते ती गिअर खाली ठेवण्यासाठी. घाट उतरताना तिचा वापर करावा म्हणजे इंजिनच गाडीला आवरते आणि ब्रेक तापत नाहीत. उतारावर न्यूट्रल टाकून गाडी सोडणे तर कोणत्याच गाडीत करू नये. ‘डी’वरून ‘आर’वर किंवा उलट जाताना गाडी पूर्ण थांबलेली असावी.

ब्रेक सोडल्यावर, ॲक्सिलरेटरला पाय न लावता गाडी चालीच्या वेगाने सरकते. सोसायटीच्या दोन खांबांमध्ये गाडी घालताना हे सरकणे फार उपयोगी पडते : ॲक्सिलरेटरकडे पाय न्यायचाच नाही, ब्रेक थोडा सैल करत आणि पुन्हा दाबत गाडी वीतवीत आत घ्यायची. रॅम्पच्या चढावर एवढे बळ पुरत नाही आणि तिथे ॲक्सिलरेटर लागतोच. पण तो लावताना चढ संपला की सपाटीवर गाडी एकदम उसळेल, याचा अंदाज आधीच बांधलेला असावा.

‘पी’ म्हणजे नेमके काय : ‘पी’वर दांडा नेला की ब्रेक लागतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो चुकीचा आहे. चाकांचा ब्रेक आणि ‘पी’ यांचा काहीही संबंध नाही. गिअरपेटीतून चाकांकडे जाणाऱ्या दंडावर एक दातेरी चक्र बसवलेले असते. ‘पी’ लावल्यावर बोटाएवढी एक पोलादी खिट्टी त्या चक्राच्या दोन दात्यांमध्ये जाऊन बसते आणि दंड अडतो. गाडी हलत असताना ‘पी’ टाकला तर ही खिट्टी दात्यांवरून कटकट उडत राहते, आत बसत नाही. वेग अगदी कमी झाल्यावर ती धाडकन अडकते. दर वेळी असे होत गेले तर ती झिजते, क्वचित तुटते.

उतारावर हँडब्रेक न लावता नुसत्या ‘पी’वर सोडलेली गाडी दोन-चार इंच घरंगळते आणि मग गप्पकन थांबते. त्या क्षणापासून हजार-बाराशे किलोंचा सगळा भार त्या एका खिट्टीवर असतो. निघताना दांडा ‘पी’तून ओढायला जोर लागतो आणि खट्ट असा आवाज होतो, तो तिथे अडकलेला भार सुटल्याचा. मागून दुसऱ्या गाडीचा धक्का बसला तर खिट्टी तुटून गाडी निसटू शकते. म्हणून भार हँडब्रेकवर असावा आणि ‘पी’ जोडीला राखण म्हणून असावा.

हे साधते ते क्रमाने. गाडी थांबवून पायाचा ब्रेक दाबून ठेवायचा. दांडा ‘एन’वर आणायचा आणि हँडब्रेक पूर्ण ओढायचा. मग पायाचा ब्रेक हलकेच सोडून पाहायचे. गाडी किंचित बसते आणि हँडब्रेकवर स्थिरावते. सरकली तर हँडब्रेक अजून ओढायचा. ती धरली आहे याची खात्री झाल्यावर पुन्हा ब्रेक दाबून दांडा ‘पी’वर न्यायचा, इंजिन बंद करायचे आणि शेवटी पाय उचलायचा. निघताना उलट चालायचे : ब्रेक दाबून इंजिन सुरू, दांडा ‘पी’तून बाहेर, मग हँडब्रेक खाली. यात चार-पाच सेकंद जास्त जातात. सपाट जागेवर याने फरक पडत नाही असे वाटते, पण सवय सपाटीवर लागली तरच ती घाटात हाताशी येते.

‘पी’ नसलेली गाडी : आपल्याकडच्या अनेक एएमटी गाड्यांत आर, एन, डी एवढ्याच जागा असतात. अशी गाडी गिअरमध्ये ठेवून लावायची असते. तोंड चढाकडे असेल तर पुढच्या गिअरमध्ये, उताराकडे असेल तर ‘आर’मध्ये दांडा ठेवून, हँडब्रेक ओढून इंजिन बंद करायचे. इंजिन बंद होताच क्लच जुळलेला राहतो आणि इंजिनच चाकांना अडवून धरते. सुरुवातीच्या हायड्रा-मॅटिकलाही ‘पी’ नव्हता. तिथेही इंजिन बंद करून मागचा गिअर टाकला की चाके अडत. एएमटीतला धोका सवयीतून येतो. बऱ्याच गाड्या ‘एन’वर असल्याशिवाय सुरू होत नाहीत, म्हणून चालक बंद करतानाही त्या ‘एन’वर आणतो आणि तशाच सोडतो. मग गाडीला एकट्या हँडब्रेकचा आधार राहतो, आणि तोही दोन घरे कमी ओढलेला असला तर काहीच राहत नाही. गाडीसोबतच्या पुस्तिकेतले याबाबतचे पान प्रत्येक एएमटी मालकाने वाचलेच पाहिजे.

चढ-उतार : भारतात गाडी रस्त्याच्या डाव्या कडेला लावतात, त्यानुसार चाके वळवायची. तोंड उताराकडे असेल तर पुढची चाके डावीकडे, म्हणजे फुटपाथकडे. तोंड चढाकडे असेल आणि फुटपाथला उंच कड असेल तर चाके उजवीकडे. गाडी मागे आलीच तर टायर कडेला टेकून थांबतो. कड नसेल तर दोन्ही वेळा चाके रस्त्याबाहेरच्या दिशेला, अर्थात तिकडे जमीन असेल तरच. सह्याद्रीच्या घाटात डावीकडे अनेकदा दरी असते. तिथे चाके दरीकडे वळवण्याचा प्रश्नच येत नाही. अशा जागी गाडी लावूच नये, आणि बिघाडामुळे लावावीच लागली तर उतरणीच्या बाजूने चाकाला दगड लावावा. ट्रकवाल्यांचा हा जुना रिवाज मोटारीलाही तितकाच लागू आहे. निघताना दगड मात्र रस्त्यातून उचलून बाजूला टाकावा. रात्री दुचाकीवाल्यासाठी तो जीवघेणा ठरतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२६ नुसार चालकाच्या जागेवर परवानाधारक माणूस नसेल, तर सार्वजनिक जागी उभ्या गाडीची यंत्रणा बंद करून ब्रेक लावलेला असावा लागतो, किंवा ती आपोआप हलणार नाही अशी दुसरी तजवीज केलेली असावी लागते. आपली एक रूढ सवय याच्या आड येते. मुंबई-पुण्यात नाट्यगृहांच्या आणि मंगल कार्यालयांच्या आवारात गाड्या एकीमागे एक लावतात आणि राखणदार सांगतो, ‘न्यूट्रलला ठेवा, हँडब्रेक नको.’ मागची गाडी काढायची झाली की पुढची ढकलायची. ‘पी’ असलेल्या किल्लीच्या गाडीत दांडा ‘पी’वर नेल्याशिवाय किल्ली निघत नाही, आणि ‘पी’त गेलेली गाडी ढकलता येत नाही. दांड्याशेजारच्या झाकणाखालची कळ दाबून ती ‘एन’वर सोडता येते; पण जमीन पूर्ण सपाट असल्याखेरीज हे करू नये. आवार किंचित जरी उतरते असेल, तर सरळ नकार देऊन गाडी दुसरीकडे लावावी.

चुकीचे पेडल : १९८६ साली अमेरिकेत ऑडी ५००० ही गाडी आपोआप उसळते, अशा तक्रारींवर सीबीएस वाहिनीच्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमाने मोठे वादळ उठवले. तेथील महामार्ग सुरक्षा प्रशासनाने १९८९ च्या अहवालात निष्कर्ष काढला की अशा बहुतेक घटनांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडलेला होता. गाडी उसळली की माणूस घाबरून पाय आणखी दाबतो, कारण आपण ब्रेकच दाबतो आहोत अशी त्याची पक्की खात्री असते. यावर निघालेला उपाय आज जवळजवळ प्रत्येक ऑटोमॅटिक गाडीत आहे : ब्रेक दाबल्याशिवाय दांडा ‘पी’तून हलतच नाही. अमेरिकेत १ सप्टेंबर २०१० पासून बनणाऱ्या गाड्यांना तो सक्तीचा झाला.

तरीही थोडी काळजी चालकाकडे उरते. टाच ब्रेकच्या समोर जमिनीवर टेकलेली असावी आणि ॲक्सिलरेटरसाठी फक्त चवडा उजवीकडे वळावा. सैल चपला गाडीत काढून ठेवाव्यात. पाण्याची बाटली सीटखाली लोळत ठेवू नये. ती घरंगळून ब्रेकखाली अडकते. मागे वळून पाहताना कंबर फिरते आणि तिच्याबरोबर पायही सरकतो, म्हणून ‘आर’मध्ये पाय खास जपावा. गाडी अनपेक्षित उसळलीच तर पाय दोन्ही पेडल्सवरून उचलून मग ब्रेक दाबावा आणि दांडा ‘एन’वर ढकलावा.

विजेची बटणे : नव्या गाड्यांत हँडब्रेकच्या जागी एक छोटी कळ असते. ती वर ओढली की मागच्या चाकांकडून घरघर ऐकू येते आणि गोलातल्या ‘पी’चा लाल दिवा लागतो. दिवा पाहिल्याशिवाय उतरू नये. ‘ऑटो होल्ड’ सिग्नलला गाडी धरून ठेवण्यासाठी आहे, लावून जाण्यासाठी नव्हे. चढावर सुटताना गाडी मागे जाऊ न देणारी सोयही दोनेक सेकंदांपुरतीच असते. सुरू करायच्या बटणाबाबत एवढे ध्यानात ठेवावे की ब्रेक न दाबता ते दाबले तर नुसते दिवे आणि पंखे चालू होतात, इंजिन नाही. इंजिन गप्प असताना किंवा विजेच्या गाडीत मोटार बंद झाली असे वाटून लोक ‘डी’वरच उतरतात. दार उघडण्याआधी पडद्यावरचे अक्षर वाचण्याची सवय म्हणूनच हवी. २०१६ साली फियाट क्रायस्लरने जगभरातून सुमारे ११ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत मागवल्या. त्यांचा दांडा ढकलल्यावर पुन्हा मधल्या जागी येई आणि ‘पी’ लागला की नाही हे हाताला कळत नसे. त्याच वर्षीच्या जूनमध्ये अभिनेता आंतोन येल्चिन याचा अशाच एका घरंगळलेल्या जीपने चिरडल्याने, घराच्या उतारावर मृत्यू झाला.

दीर्घकाळ उभी गाडी : पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर ओढलेला हँडब्रेक गंजून चाकाला चिकटतो. सपाट आणि बंदिस्त जागी अशा वेळी ‘पी’ लावून किंवा एएमटी गिअरमध्ये ठेवून, चाकांना पुढे-मागे अडण लावून हँडब्रेक सैल सोडावा. बॅटरी उतरली तर धक्का मारून ऑटोमॅटिक गाडी सुरू होईल अशी आशा धरू नये. टॉर्क कन्व्हर्टरच्या पेटीतला तेलाचा पंप इंजिनावर चालतो, चाकांवर नव्हे. दुसऱ्या बॅटरीवरून तारा जोडूनच ती सुरू करावी. तीही सोय नसेल तर पुढची चाके ओढणारी गाडी पुढून उचलून न्यावी, आणि चारही चाके ओढणारी असेल तर सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी. चालती चाके रस्त्यावर ठेवून दोराने ओढली तर तेलाविना फिरणारी गिअरपेटी जळते.