अनलॉग्ड टेबल (पोस्टग्रेस)

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीतील टेबलचा एक प्रकार. त्यातील ओळींचे बदल राइट-अहेड लॉगमध्ये, म्हणजे ‘वॉल’मध्ये, लिहिले जात नाहीत. २०११ साली आलेल्या ९.१ आवृत्तीपासून ही सोय आहे. लॉगचे लेखन टळत असल्याने माहिती भरणे बरेच जलद होते. सर्व्हर रीतसर बंद केला, तर माहिती टिकते. क्रॅश झाला, तर पुन्हा सुरू होताना टेबल रिकामे केले जाते.

स्टँडबायवरील स्थिती : स्ट्रीमिंग रेप्लिकेशनमध्ये स्टँडबाय सर्व्हर प्रायमरीकडून आलेला वॉल वाचून स्वतःची प्रत अद्ययावत ठेवतो. अनलॉग्ड टेबलच्या ओळी वॉलमध्येच नसल्याने तिथे कधीच पोहोचत नाहीत. टेबलची व्याख्या मात्र सिस्टिम कॅटलॉगमध्ये असते आणि कॅटलॉगमधील बदल लॉगमधून जातात. म्हणून टेबलचे नाव, कॉलम व इंडेक्स स्टँडबायवरही दिसतात. क्वेरी चालवल्यास रिकामा निकाल येत नाही. रिकव्हरी, म्हणजे वॉल वाचून लागू करण्याचे स्टँडबायवर सतत चालणारे काम, चालू असताना असे टेबल वापरता येत नाही, असा एरर येतो. हे योग्यच आहे, कारण शून्य ओळी मिळाल्या असत्या तर वाचणाऱ्याने त्या खऱ्या मानल्या असत्या.

इनिट फोर्क : प्रत्येक अनलॉग्ड टेबलसोबत आणि त्याच्या इंडेक्ससोबत या नावाची छोटी फाइल तयार होते. तिच्यात रिकाम्या अवस्थेचा नमुना असतो. तिची निर्मिती वॉलमध्ये नोंदली जाते, त्यामुळे ती स्टँडबायवरही असते. स्टँडबायला प्रमोट केल्यावर, म्हणजे प्रायमरी बनवल्यावर, तिच्यावरून टेबलची मुख्य फाइल नव्याने बनते. टेबल वापरता येते, पण त्यात एकही ओळ नसते. प्रायमरी व स्टँडबाय यांच्या ठरवून केलेल्या अदलाबदलीतही हेच घडते. शिवाय, नीट बंद केलेला जुना प्रायमरी स्टँडबाय म्हणून सुरू केल्यास तोही रिकव्हरीत शिरतो आणि त्याच्याकडील माहितीही पुसली जाते.

संबंधित सोयी : ९.५ आवृत्तीपासून ‘अल्टर टेबल’ आदेशातील ‘सेट लॉग्ड’ने असे टेबल कायमस्वरूपी करता येते. रेप्लिकेशन चालू असताना त्यासाठी पूर्ण टेबल वॉलमध्ये लिहावे लागते. ११व्या आवृत्तीपासून ‘पीजी_बेसबॅकअप’ अनलॉग्ड टेबलांपैकी फक्त इनिट फोर्क घेते. लॉजिकल रेप्लिकेशनच्या पब्लिकेशनमध्ये ही टेबले घालता येत नाहीत.

उपयोग : कॅशे, आयात करताना लागणारी मधली टेबले, अहवालांची पुन्हा काढता येणारी गणिते. जी माहिती मूळ स्रोतातून परत उभी करता येत नाही, ती अनलॉग्ड टेबलात ठेवू नये. स्टँडबाय असला तरी तिचे रक्षण होत नाही.