मुंगीचा मोर्चा

परवाच्या स्थानिक पुरवणीत एकाच पानावर दोन मथळे होते. वर, छायाचित्रासह: ‘पाण्यासाठी महिलांचा नगरपालिकेवर हंडा मोर्चा’. खाली कोपऱ्यात: ‘प्रभागरचनेआधीच इच्छुकांची मोर्चेबांधणी’. वरच्या छायाचित्रात आमच्या शेजारच्या काकू होत्या, रिकामा हंडा डोक्यावर पालथा धरून. खालच्या बातमीत ज्यांची नावे होती त्यांतले कोणी त्या उन्हात दिसले नाही. त्यावर चिडायचे सोडून मी शब्दापाशी अडलो. वरचा मोर्चा चालतो, खालचा बांधतात. मोर्चा काढावा, न्यावा, पोलिसांनी तो अडवावा, फार झाले तर पांगवावा, बांधायचा कसा? बांधतात ते घर, धरण, आणि निवडणुकीच्या दिवसांत विरोधकांची मोट.

जुन्या कागदांत शिरले की खालचा मोर्चा थोरला भाऊ ठरतो. बखरींत किल्ल्याला वेढा पडला की मोर्चे लागतात, पुढे सरकतात, आतल्यांनी रात्री छापा घातला तर उठतातही. मोल्सवर्थच्या कोशात, म्हणजे १८५७ च्या आवृत्तीपर्यंत तरी, या शब्दाचा मुक्काम रणांगणावरच दिसतो. तटावरच्या माऱ्यात न सापडता भिंतीजवळ जायचे तर जमीन खणावी लागते. आधी चर, चराची माती पुढे टाकून तिचा बांध, बांधाआड तोफ. या सगळ्या उपद्व्यापाला मिळून मोर्चा. तो बांधावाच लागतो. इच्छुकांची मोर्चेबांधणी ही भाषा म्हणून अगदी चोख आहे: आडोशाला बसून, माती उकरून, तोंड दुसऱ्याच्या भिंतीकडे करून केलेले काम.

शब्द फारसी, याबद्दल वाद नसावा. पण फारसीत दोन रूपे शेजारी उभी आहेत. एक ‘मूर्चाल’, दुसरे ‘मूर्चा’. मूर म्हणजे मुंगी. चाल म्हणजे खड्डा. आपल्या चालण्याशी किंवा चालबाजीशी त्याचे नाते नाही, इच्छुकांना कितीही पटले तरी. तेव्हा मूर्चाल म्हणजे मुंगीचा खड्डा. मूर्चातला ‘चा’ हा लहानपणा दाखवणारा प्रत्यय. बागेचा बगीचा आणि कालीनचा गालिचा झाला तो याच प्रत्ययाने, म्हणजे मूर्चा ही नुसती चिमुकली मुंगी. मोगलांच्या तवारिखांत वेढ्याच्या वर्णनात मूर्चाल येतो. मराठीने मूर्चालचा लकार गाळला, की मूर्चालाच खड्ड्याचाही अर्थ चिकटला होता, हे सांगणे कठीण. दोन्ही वाटा एकाच वारुळात जातात. आणि प्रतिमा पाहा. तटावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला खाली काय दिसत असेल? रात्रीत जमिनीवर उठलेला ताज्या मातीचा उंचवटा, आणि त्यातून आत-बाहेर करणारी ओझेवाली इवलीशी माणसे. नाव ठेवणारा बहुधा तटावरचाच असावा.

मराठी कानाला मात्र ‘मोर’ ऐकू आल्यावर मुंगी दिसत नाही, पक्षी दिसतो. त्याला कारण आहे. देवावर आणि राजावर ढाळतात ते मोर्चेल मोरपिसांचे आणि मोराचेच. द्राक्षबागेत फवारतात तो मोरचूद निळा, मोराच्या गळ्यासारखा. संस्कृतात त्याला मयूरतुत्थ म्हणतात, त्यातूनच हे रूप घरंगळत आले असावे. एका बाजूला मोर्चेल, दुसऱ्या बाजूला मोरचूद, मध्ये मोर्चा: तिघे सख्खे वाटतात, पण मधला परका आहे. सातारच्या किल्ल्याला औरंगजेबाचे मोर्चे लागले होते तेव्हा बादशहावर मोर्चेल ढाळले जात असेल; दोन शब्द इतक्या जवळ येऊनही त्यांची ओळख झाली नाही.

मुंगीचे कूळ मोठे आहे. अवेस्तेत ‘मओइरि’, ग्रीकात ‘मुर्मेक्स’, लॅटिनमध्ये ‘फोर्मिका’. शाळेत मुंगीच्या दंशात फॉर्मिक आम्ल असते असे शिकलो, ते याच फोर्मिकातून. संस्कृतात मात्र अक्षरांनी जागा बदलल्या आणि ‘वम्र’, ‘वम्री’ झाले. वल्मीक त्याच गोतातले दिसते, म्हणजे आदिकवीचे नावही. आमचे वारूळही तिकडचेच असावे, असे मला राहून राहून वाटते. एवढ्या भाषांत या एका किड्याच्या नावाची अक्षरे मागेपुढे का झाली, याचे एक उत्तर असे देतात की काही प्राण्यांचे नाव सरळ घ्यायचे नसते. सापाला आपण रात्री ‘लांबडं’ म्हणतो तसे. मुंगीला कोण भिणार, असे वाटले तर साखरेचा डबा उघडा ठेवून पाहावे.

याच सुमारास आमच्या स्वयंपाकघरातला नळ अडकला. (पाणी येत नव्हते, तरी नळ अडकला, घरातल्या वस्तूंना बातम्या कळत नाहीत.) दुरुस्तीला आलेला मुलगा बनारसकडचा. पाना लावून दोनदा जोर केला, नळाच्या मानेवरचा तांबूस भुगा बोटाने दाखवला आणि म्हणाला, “मुरचा पकड लिया है, अंकल.” मी त्याला पुन्हा म्हणायला लावले. तिकडे गंजाला मुरचा म्हणतात, हिंदी कोशांत ‘मोरचा’ या शब्दाखाली खंदक आणि गंज दोन्ही अर्थ असतात, हे मी वाचले होते. पण कोशातला शब्द पाना हातात घेऊन समोर उभा राहतो तेव्हा बरे वाटते. फारसीतच मुंगी आणि गंज यांचा शेजार आहे. आज इराणात ‘मूरियाने’ म्हणजे वाळवी, आणि जुन्या फारसीत लोखंडाला लागणारा गंजही तोच. लाकूड वाळवी खाते, लोखंडही काहीतरी कणाकणाने खाते. रसायनशास्त्र नसलेल्या माणसाने याहून बरा अंदाज काय करावा?

आता एक निव्वळ योगायोग, पण सोडवत नाही. हिंदीत गंजाला दुसरा शब्द ‘जंग’. तो फारसी झंग. लढाईलाही जंगच, पण ते मूळचे वेगळे. म्हणजे जंग: लढाई आणि गंज, मोरचा: लढाईची जागा आणि गंज. दोन असंबद्ध शब्दांनी एकच जोडी दोनदा जमवली. मराठीने जंग लढाईला ठेवले आणि लोखंडाला ‘गंज’ दिला. हा झंगचीच अक्षरे उलटून झाला असावा, अशी शंका घेण्यास जागा आहे. गवताची गंज आणि भाताचा गंज मात्र वेगळ्या खजिन्यातले दिसतात; फारसीत गंज म्हणजे खजिनाच.

हे झाले खड्ड्याचे. पण खड्डा चालू कधी लागला?

मला वाटते, गुन्हेगार ‘वळवणे’ हे क्रियापद आहे. तोफ बांधाआड असते, पण तिचे तोंड फिरवता येते. एका बुरुजावरचा मारा थांबवून दुसऱ्याकडे मोर्चा वळवला, असे म्हणताना माती जागीच असते, दिशा हलते. हाच प्रयोग घरात आला. लग्नाच्या पंगतीत पोरे जिलबी संपवून आपला मोर्चा भज्यांकडे वळवतात. इथे मोर्चाला पाय फुटलेच आहेत. एकदा मोर्चा म्हणजे कोणावर तरी रोखलेली माणसे असे झाले, की मातीचा बांध गळून पडला तरी अर्थाचे काही बिघडत नाही. त्यात इंग्रजी ‘मार्च’चा कानाला लागलेला सूरही मदतीला आला असेल. माझे एक पत्रकार मित्र तर मोर्चा हा मार्चचाच मराठी अवतार असे ठामपणे सांगतात. ते चूक आहे, पण लोकांच्या कानावर अशा चुकांचे राज्य चालते. गंमत अशी की मराठीने पुढे दोघांची कामे वाटून दिली. १९७९ साली नामांतरासाठी नागपूरहून औरंगाबादकडे निघाला तो लाँग मार्च. २०१८ साली नाशिकहून मुंबईपर्यंत शेतकरी पायांना फोड येईस्तोवर चालले, तोही लाँग मार्च. जिल्हे ओलांडतो तो मार्च. गावातल्या चौकातून निघून कचेरीच्या फाटकाशी थांबतो तो मोर्चा.

रस्त्यावरचा हा अर्थ नक्की कोणत्या वर्षी रुजला ते कोशांवरून कळत नाही. कामगार चळवळीच्या दिवसांत तो पक्का झाला असावा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंत तर तो तोंडातोंडी होता. २१ नोव्हेंबर १९५५ ला विधानसभेकडे निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. या वाक्यापाशी मी दरवेळी थबकतो. बखरीत मोर्चातून गोळे सुटतात. इथे गोळी मोर्चावर सुटली, आणि आडोशाला माती नव्हती.

हिंदीने ही वाट धरली नाही. तिकडे रस्त्यावर निघतो तो जुलूस. मोर्चा जागचा हलला नाही, फक्त रणांगणावरून राजकारणात गेला आणि ‘आघाडी’ झाला. १९८९ चा राष्ट्रीय मोर्चा आणि १९९६ चा संयुक्त मोर्चा आमच्या वृत्तपत्रांत राष्ट्रीय आघाडी आणि संयुक्त आघाडी म्हणून आले, ते योग्यच. पण पक्षांचे युवा मोर्चे, महिला मोर्चे हिंदीतून तसेच्या तसे उतरले. ‘महिला मोर्चाची बैठक’ हे वाक्य मराठीत खरे तर विनोदी आहे. बसला तो मोर्चा कसला. २०२० च्या दिल्लीच्या आंदोलनात ‘संयुक्त किसान मोर्चा’ वाचून आमच्या काकूंना इतके दिवस वाटत होते की शेतकरी रोज चालताहेत. ते बसले होते. मराठीत त्याला धरणे म्हणतात, आणि सावकार कर्जदाराच्या दारात उपाशी बसून धरायचा ते धरणे हा आणखी एका लेखाचा विषय. गुजरातीतला मोरचो दोन्ही घरी जेवतो, असे कळते.

मराठी राजकारणाची एकूण भाषाच वेढ्याची आहे. बालेकिल्ला (बाला म्हणजे वरचा), त्याला पडलेले खिंडार, बिनीचे शिलेदार. शिलेदार स्वतःचे घोडे घेऊन येतो, सरकारी घोड्यावर बसतो तो बारगीर. हा फरक ध्यानात ठेवला तर ऐन निवडणुकीत शिलेदार घोड्यासकट पलीकडे का जातात याचे नवल वाटू नये. बालेकिल्ल्याला लावतात तो सुरुंग तर थेट ग्रीकांचा: त्यांचा ‘सिरिंक्स’, म्हणजे पोकळ नळी, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुरुङ्गा होऊन बसला. या सगळ्या शब्दांत पुढाऱ्यांच्या हातून सुटून साध्या माणसांकडे आला तो एकटा मोर्चा. सत्तरच्या दशकात मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्यामागे महागाईविरुद्ध बायका निघाल्या तो लाटणे मोर्चा. पाण्याचा हंडा मोर्चा. बखरकाराला तोफेच्या जागी लाटणे पाहून घेरी आली असती. २०१६ पासून निघालेले मराठा समाजाचे मूक मोर्चे त्याने कसे लिहिले असते? एकही तोफ न डागणारा मोर्चा. तिथे शब्द पुन्हा मुंगीजवळ गेल्यासारखा वाटतो: लांबच लांब रांग, आणि आवाज नाही.

आणि तरीही वेढा संपलेला नाही. तो एका शब्दयोगी अव्ययात दडून आहे. मिरवणूक चौकातून जाते, दिंडी पंढरपूरला जाते, मोर्चा मात्र नगरपालिकेवर जातो. ‘वर’. स्वारी किल्ल्यावर, चाल शत्रूवर, तसा मोर्चा कचेरीवर. ‘नगरपालिकेला मोर्चा’ किंवा ‘नगरपालिकेकडे मोर्चा’ म्हणून पाहा, त्यातली हवाच जाते. मथळा देणाऱ्या उपसंपादकाला मूर्चाल ठाऊक असण्याची गरज नाही. ‘वर’ त्याच्या हातून आपोआप पडतो.

काकूंचा मोर्चा असाच नगरपालिकेवर गेला. फाटकाशी अर्धा तास घोषणा झाल्या, मग आतून निरोप आला, पाच जणींनी या. या पाच जणींना बातमीत शिष्टमंडळ म्हटले होते. संस्कृतात शिष्ट दोन धातूंपासून होतो: शास्, म्हणजे शिकवणे, त्यापासून शिकलेसवरलेले, आणि शिष्, म्हणजे उरणे, त्यापासून उरलेले. व्याकरण पहिल्याच्या बाजूने आहे. पण उन्हाने निम्म्या बायका घरी गेल्यावर जे आत गेले ते मंडळ कोणते, हे ज्याचे त्याने ठरवावे.

संध्याकाळी काकू हंडा परत ठेवायला आल्या. तो आमचाच होता. मी विचारले, काय म्हणाले साहेब?

“काय म्हणणार! आपल्या गल्लीच्या मेन लाइनचा व्हॉल्व्ह गंजलाय म्हणे. उघडतच नाही. नवा येईपर्यंत टँकर.”

मला हसू आवरेना.

“हसताय काय भावोजी,” काकू म्हणाल्या, “उद्या तुमच्याकडेही पाणी नाहीये.”