एबीजी आणि को-ऑक्सिमीटर: बोटावरची क्लिप जे सांगत नाही ते

घरातला माणूस बाथरूममध्ये चक्कर येऊन पडला. रुग्णालयात बोटाला क्लिप लावली, आकडा आला ९८. ऑक्सिजन तर चांगला दिसतोय, असे वाटून घरचे निर्धास्त होतात. पण डॉक्टर म्हणतात, "एबीजी करू, आणि को-ऑक्सिमेट्रीसुद्धा." अशा वेळी ही तपासणी उगाच खर्च वाढवण्यासाठी आहे का, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. बाथरूममध्ये गॅस गिझर चालू असेल, तर त्या ९८ वर विश्वास ठेवता येत नाही. तो का, हे या लेखात समजून घेऊ.

थोडक्यात

- एबीजी यंत्र रक्तातील आम्लता, ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड मोजते.
- को-ऑक्सिमीटर हिमोग्लोबिनला नेमके काय चिकटले आहे ते सांगतो.
- विषारी धूर किंवा काही रसायनांच्या बाधेत बोटावरची क्लिप फसू शकते.
- नमुना कसा घेतला आणि यंत्राची निगा कशी राखली, यावर रिपोर्टचा भरवसा अवलंबून असतो.

एबीजी यंत्र आत काय करते?

एबीजी म्हणजे धमनीतल्या रक्तातील वायूंची तपासणी. बहुधा मनगटाजवळच्या धमनीतून एक-दोन मिलिलिटर रक्त घेतात. यंत्र ते ३७ अंश सेल्सिअसला ठेवते आणि तीन बारीक इलेक्ट्रोडवरून नेते.

पहिला इलेक्ट्रोड पीएच, म्हणजे आम्लता मोजतो. दुसऱ्यावर एक पातळ पडदा असतो. कार्बन डायऑक्साइड त्यातून आत जातो, आतल्या द्रवाची आम्लता बदलतो आणि त्या बदलावरून वायूचे प्रमाण कळते. तिसऱ्यात ऑक्सिजनमुळे अगदी सूक्ष्म विद्युतप्रवाह तयार होतो. ऑक्सिजन जितका जास्त, तितका प्रवाह जास्त. बायकार्बोनेट मोजले जात नाही, पहिल्या दोन आकड्यांवरून त्याचे गणित मांडले जाते. अनेक यंत्रे लॅक्टेट, सोडियम, पोटॅशियम आणि साखरही देतात. दोन-तीन मिनिटांत निकाल हाती येतो.

मग को-ऑक्सिमीटर वेगळा कसा?

एबीजीतील ऑक्सिजनचा आकडा हा रक्तात विरघळलेल्या ऑक्सिजनचा असतो. शरीराला मिळणारा बहुतांश ऑक्सिजन मात्र हिमोग्लोबिन वाहून नेते. हिमोग्लोबिनची जागा दुसऱ्याच कोणी बळकावली, तरी विरघळलेला ऑक्सिजन नेहमीइतकाच दिसतो.

बोटावरची क्लिप प्रकाशाच्या दोनच लहरी वापरते, एक लाल आणि एक अवरक्त. त्यामुळे ती फक्त ऑक्सिजन असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन ओळखते. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिन तिला ऑक्सिजनवालेच वाटते, म्हणून आकडा चांगला दिसतो. मेटहिमोग्लोबिन, म्हणजे ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता गमावलेले हिमोग्लोबिन, खूप वाढले की क्लिप ८५ च्या आसपास अडकून बसते आणि ऑक्सिजन कितीही दिला तरी हलत नाही.

को-ऑक्सिमीटर रक्ताच्या नमुन्यातून अनेक लहरींचा प्रकाश सोडतो. बऱ्याच यंत्रांत त्याआधी ध्वनिलहरींनी लाल पेशी फोडून रक्त पारदर्शक केले जाते. हिमोग्लोबिनचा प्रत्येक प्रकार प्रकाश वेगळ्या पद्धतीने शोषतो. त्यावरून ऑक्सिजनवाले, ऑक्सिजन नसलेले, कार्बन मोनॉक्साइडवाले आणि मेटहिमोग्लोबिन असे चार वाटे टक्क्यांत मिळतात.

एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रत्येक एबीजी यंत्रात को-ऑक्सिमीटर नसतो. ज्यात नसतो, ते यंत्रही कागदावर "सॅच्युरेशन" छापते, पण तो आकडा मोजलेला नसून गणिताने काढलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडच्या बाधेत तोही फसवा असतो. म्हणून डॉक्टरांना विचारा, "हे सॅच्युरेशन मोजलेले आहे की काढलेले?"

आपल्या भागात याची गरज कधी पडते?

*गॅस गिझर, जनरेटर, आग.* खिडकी नसलेल्या बाथरूममधला गॅस गिझर, बंद खोलीतली शेगडी किंवा जनरेटर, दुकान-गोदामाची आग, या सगळ्यांत कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नसतो. डोके दुखणे, मळमळणे, गरगरणे ही सुरुवातीची लक्षणे असतात. एकाच घरातल्या दोघा-तिघांना एकाच वेळी असा त्रास होत असेल, तर ते अन्नातून झाले असे लगेच धरून चालू नका.

*रंग आणि रसायनांचे कारखाने.* अंबरनाथ आणि बदलापूरच्या एमआयडीसीत रासायनिक कारखाने आहेत. ॲनिलिन, नायट्रोबेंझिन यांसारखी रंग-उद्योगातली रसायने श्वासातूनच नव्हे, तर त्वचेतूनही अंगात भिनतात आणि मेटहिमोग्लोबिन वाढवतात. ओठ आणि नखे निळसर होतात, रक्त चॉकलेटी दिसते. डॅप्सोन हे औषध आणि काही बधिर करणारी मलमे यांमुळेही असे होऊ शकते.

*वायुगळती.* नोव्हेंबर २०१४ मध्ये वालधुनी नदीत रसायने सोडल्यानंतर उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना उपचारांची गरज पडली होती. जून २०२१ मध्ये बदलापूरच्या एमआयडीसीत वायुगळती झाली आणि लोकांना श्वासाचा त्रास झाला, डोळे चुरचुरले. अशा प्रसंगी को-ऑक्सिमीटर सगळ्याच विषांचा शोध लावत नाही. क्लोरीन किंवा आम्लाची वाफ फुफ्फुसांना इजा करते, तिथे साधी एबीजीच अधिक उपयोगी पडते. सडक्या अंड्याचा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही. त्याचा आकडा कोणत्याच कागदावर नसतो, पण वाढलेले लॅक्टेट आणि वाढलेली आम्लता डॉक्टरांना इशारा देतात.

सिंधी कुटुंबांनी हे जरूर सांगावे

मेटहिमोग्लोबिन खूप वाढल्यास मिथिलिन ब्लू हे औषध शिरेतून देतात. पण जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल, तर याच औषधाने लाल पेशी फुटू शकतात. ही कमतरता सिंधी, पारशी आणि काही आदिवासी समाजांत तुलनेने जास्त आढळते आणि मुख्यतः पुरुषांना तिचा त्रास होतो. उल्हासनगर वसले ते फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांमुळे. म्हणून घरात कोणाला ही कमतरता असेल, किंवा एखाद्या गोळीनंतर अचानक कावीळ आणि काळसर लघवी झाली असेल, तर ते औषध देण्याआधीच सांगा.

नमुना घेताना एवढी घाई का?

- धमनी खोल असते, म्हणून टोचताना जास्त दुखते. नंतर निदान पाच मिनिटे दाबून धरावे लागते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर त्याहून जास्त वेळ, म्हणून ती आधीच सांगा.
- सिरिंजमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन असते. ते प्रमाणाबाहेर झाले तर आकडे बिघडतात.
- हवेचा बुडबुडा राहिला तर ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही चुकतात.
- सिरिंजमधल्या पेशी जिवंत असतात आणि ऑक्सिजन वापरत राहतात. म्हणून नमुना शक्यतो अर्ध्या तासाच्या आत यंत्रात जायला हवा. सिरिंज घेऊन लांबच्या लॅबपर्यंत रिक्षाने जाणे ठीक नाही.

फक्त कार्बन मोनॉक्साइड किंवा मेटहिमोग्लोबिन पाहायचे असेल, तर शिरेतले रक्तही चालते.

यंत्राची निगा कशी राखतात?

दुकानदार काटा खरा आहे का ते प्रमाणित वजन ठेवून पाहतो. इथेही तसेच आहे. ठरावीक प्रमाणाचे वायू किंवा द्रव वापरून यंत्र ठरलेल्या वेळी स्वतःला जुळवून घेते. याला कॅलिब्रेशन म्हणतात. याशिवाय लॅबचे कर्मचारी आधीच उत्तर माहीत असलेले कमी, मध्यम आणि जास्त पातळीचे द्रव तपासून पाहतात. उत्तर चुकले तर दोष सापडेपर्यंत त्या यंत्रावर रुग्णांचे नमुने लावायचे नसतात.

रक्ताची बारीकशी गुठळी आत अडकली तरी नळी बंद पडते. इलेक्ट्रोडचे पडदे झिजतात. कार्ट्रिजवर चालणाऱ्या यंत्रांत एकदा बसवलेली कार्ट्रिज ठरावीक दिवस किंवा ठरावीक नमुन्यांपुरतीच चालते. वीज गेली तर यंत्र पुन्हा ३७ अंशांवर येऊन कॅलिब्रेट होईपर्यंत थांबावे लागते, म्हणून त्याला यूपीएस लागतो. तेव्हा "यंत्र कॅलिब्रेशनवर आहे, दहा मिनिटे थांबा" असे कोणी सांगितले, तर ती टाळाटाळ समजू नका. आकडे आणि रुग्णाची अवस्था जुळत नसेल, तर दुसरा नमुना घेणे हेही योग्यच आहे.

कागदावरचे आकडे

मोठ्या माणसांत साधारणपणे:

- पीएच: ७.३५ ते ७.४५
- कार्बन डायऑक्साइड: ३५ ते ४५
- ऑक्सिजन (साध्या हवेवर): ८० ते १००
- बायकार्बोनेट: २२ ते २६
- लॅक्टेट: २ पेक्षा कमी
- कार्बन मोनॉक्साइडवाले हिमोग्लोबिन: धूम्रपान न करणाऱ्यांत ३ टक्क्यांच्या आत, करणाऱ्यांत १० पर्यंत
- मेटहिमोग्लोबिन: १.५ टक्क्यांच्या आत

एकच आकडा पाहून घाबरू नका किंवा निश्चिंतही होऊ नका. साध्या हवेत कार्बन मोनॉक्साइड निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, तर मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यावर सुमारे एक ते दीड तास. म्हणजे उशिरा घेतलेल्या नमुन्यात आकडा कमी आला, तरी बाधा मोठी असू शकते. गर्भवतीच्या बाबतीत तर अधिकच सावध राहावे लागते.

तुम्ही काय करायचे?

- आधी रुग्णाला मोकळ्या हवेत आणा, दारे-खिडक्या उघडा, गॅस बंद करा. धूर किंवा वायू भरलेल्या जागेत एकट्याने शिरू नका.
- १०८ ला फोन करा. क्लिपचा आकडा चांगला आहे म्हणून घरी थांबू नका.
- डॉक्टरांना नेमके सांगा: कुठे सापडला, किती वेळ तिथे होता, ऑक्सिजन किती वाजता सुरू केला, कारखान्यात कशाचे काम करतो. रसायनाच्या पिंपावरच्या लेबलचा फोटो मिळाला तर फार उपयोग होतो.
- जवळच्या रुग्णालयात को-ऑक्सिमेट्री नसेल, तरी ऑक्सिजन लगेच सुरू करता येतो. रिपोर्टसाठी तो थांबवायचा नसतो.
- रुग्णाला कल्याण, ठाणे किंवा मुंबईला हलवायचे ठरले, तर एबीजीचा छापील कागद सोबत घ्या. हे कागद उष्णतेने पुसट होतात, म्हणून मोबाइलवर फोटोही काढून ठेवा.

ही माहिती समजून घेण्यासाठी आहे. तुमच्या रुग्णाच्या रिपोर्टचा अर्थ आणि उपचार त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनच समजून घ्या.