नीळकंठशास्त्री गोरे यांचा प्रमाणविचार

इ. स. १८४३ मध्यें श्रीपत शेषाद्रीच्या शुद्धीचें प्रकरण मुंबईंत गाजलें. देवगड तालुक्यांतील पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर त्यांत शुद्धीच्या बाजूचे अग्रणी होते, हें सिंधुदुर्गांतील वाचकांस ठाऊकच आहे. तेथें वाद पंक्तीचा व प्रायश्चित्ताचा होता. त्याच सुमारास काशीस एक विशीच्या आंतील चित्पावन पंडित ख्रिस्ती प्रचारास प्रमाणशास्त्राच्या अंगानें उत्तर जुळवीत होता. हे नीळकंठशास्त्री गोरे. जन्म झांशीनजीक, १८२५ सालचा.

उत्तराचें निमित्त जॉन म्यूरचा 'मतपरीक्षा' हा संस्कृत ग्रंथ (१८३९). खरें शास्त्र कोणतें, हें मनुष्यानें बुद्धीनें पारखून ठरवावें, असा त्याचा आशय. त्यास तीन पंडितांनीं उत्तरें दिलीं. त्यांत सोमनाथ या नांवानें लिहिणारे बहुधा सिहोरचे सुबाजी बापूच होत. नीळकंठशास्त्र्यांचा 'शास्त्रतत्त्वविनिर्णय' (१८४४-४५) तिसरा. आणि आमच्या मतें तोच मुळाशीं जातो. धर्माच्या बाबतींत श्रद्धा अगोदर, तर्क मागाहून; तर्क हा शास्त्राचा अनुचर, न्यायाधीश नव्हे, असें ते म्हणतात. ही भूमिका शंकराचार्यांची. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायांत तर्काच्या अप्रतिष्ठेचें जें सूत्र आहे, त्यावरील भाष्यांत आचार्यांनीं हेंच दाखविलें आहे कीं, एका कुशलाचा तर्क दुसरा अधिक कुशल खोडून काढतो. म्हणून अतींद्रिय विषयांत शब्दच प्रमाण.

पुढें १४ मार्च १८४८ रोजीं जौनपुरास शास्त्रीबोवांनीं बाप्तिस्मा घेतला व ते नेहेम्या गोरे झाले. येथें त्यांचा आचार्यांशीं संबंध सुटला, अशी सामान्य समजूत. 'षड्दर्शनदर्पण' (१८६०) हा हिंदी ग्रंथ पाहतां ती खरी वाटते. कारण त्यांत पारमार्थिक, व्यावहारिक व प्रातिभासिक या तीन सत्तांवर त्यांनीं कडाडून हल्ला केला आहे, आणि तोही निव्वळ तर्काच्या शस्त्रानें! म्यूरला जो अधिकार त्यांनीं नाकारला, तोच स्वतः वापरला, हा आक्षेप आम्हांस टाळतां येत नाहीं.

परंतु १८७५ च्या सुमारास मुंबई-पुण्याच्या ब्राह्मोपंथीयांपुढें त्यांनीं जीं व्याख्यानें दिलीं, त्यांत जुना सूर पुन्हां उमटतो. केवळ बुद्धीनें ईश्वराचें यथार्थ ज्ञान होत नाहीं; त्यास ईश्वरप्रणीत शब्द पाहिजे. शब्द बदलला, त्याचें आसन बदललें नाहीं. हें इंग्लंडांतील पाद्र्यांपासून त्यांनीं घेतलें असें कोणी म्हणेल. त्या शिकवणीनें बळ दिलें असेल. पण मूस १८४४ ची आहे, आणि तेव्हां ते ख्रिस्ती मताचे प्रतिपक्षी होते.

'शास्त्रतत्त्वविनिर्णय' १९५१ सालीं उज्जयिनीस स. ल. कात्रे यांनीं संपादून छापिला. मतपरीक्षावादांतील एखादें हस्तलिखित, किंवा निदान त्याचें सुटें पान, मालवण, कुडाळ, सावंतवाडीकडील कोणाच्या दप्तरांत असल्यास त्यांनीं मंडळास अवश्य कळवावें.