कंट्रोल-एस आणि मावशीचा फोटो

२०११ साली माझी आजी गेली. तेराव्याला फ्रेम करायला फोटो हवा होता, आणि तिचा एकटीचा असा फोटोच नव्हता. आईच्या अल्बममध्ये एक सापडला. ओसरीवर आजी बसलेली, आणि तिला टेकून तिची धाकटी बहीण, म्हणजे आईची मावशी. ती फार लवकर गेली होती. मी तो फोटो स्कॅन करून आणला, घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर एका फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला, आजीभोवती चौकोन ओढला, क्रॉप केलं, आणि सवयीने कंट्रोल-एस दाबलं.

फ्रेम झाली, हार चढला. पुढच्या पावसाळ्यात अल्बमला वाळवी लागली. आई म्हणाली, "जाऊ दे, तू स्कॅन केलायस ना रे? त्यात मावशी आहे की."

मी फाइल उघडली. त्यात फक्त आजी होती.

चूक माझीच. प्रत न काढता मी मूळ फाइलवर काम केलं होतं, आणि कॉम्प्युटरने सांगितलं तेवढंच केलं होतं. मावशीचा दुसरा फोटो कुणाकडेच निघाला नाही.

पुढे मे २०१२ मध्ये गिम्प या मोफत फोटो-एडिटरची २.८ ही आवृत्ती आली आणि त्याचे बरेच जुने वापरकर्ते वैतागले. जेपीजी उघडून कंट्रोल-एस दाबलं की तो आता ती एक्ससीएफ नावाच्या भलत्याच प्रकारात सेव्ह करायला निघायचा. जेपीजी हवी असेल तर वेगळं 'एक्सपोर्ट' करायचं. मूळ फाइलवरच लिहायचं असेल तर मेनूतून 'ओव्हरराइट' निवडायचं. 'फोटो सेव्ह केला, मित्राला पाठवला, त्याला उघडतच नाही' ही नवशिक्याची तक्रार आजही ऐकू येते, ती यातूनच आली. उपाय सोपा आहे: पाठवायची असते ती एक्सपोर्ट केलेली प्रत.

लोक वैतागले होते. मी मात्र तो बदल बघून गप्प बसलो. वर्षभर आधी कुणीतरी मला असंच अडवायला हवं होतं.

हे एक्ससीएफ काय प्रकरण आहे ते शोधताना मला गिम्पचा इतिहास सापडला. १९९५ साली अमेरिकेत बर्कली विद्यापीठात स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी होते. कंपायलरच्या विषयाचा त्यांचा प्रोजेक्ट फसला, आणि त्यातून चित्रं संपादित करणारा प्रोग्रॅम लिहायची कल्पना निघाली. ते ज्या विद्यार्थी-गटात होते त्याचं नाव 'एक्सपेरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटी', थोडक्यात एक्ससीएफ. म्हणजे तुमच्या फाइलच्या शेपटाला आजही कॉलेजच्या एका मित्रमंडळाचं नाव लटकलेलं आहे. ही फाइल तुमचे लेयर वेगवेगळे जपते. जेपीजी सगळे लेयर एकात दाबते, आणि दर वेळी नव्याने सेव्ह करताना चित्रातलं थोडं थोडं गाळते.

सुरुवातीच्या गिम्पची बटणं आणि खिडक्या 'मोटिफ' नावाच्या संचावर उभ्या होत्या. मोटिफ मोफत नव्हतं. मग मॅटिसने स्वतःचा संच लिहिला, त्याचं नाव जीटीके. लिनक्सवरचा ग्नोम डेस्कटॉप पुढे त्याच्यावरच उभा राहिला. लिनक्सचा तो गुबगुबीत पेंग्विनही लॅरी युइंगने १९९६ मध्ये गिम्पमध्येच काढला. १९९८ साली १.० आवृत्ती आली तोवर ते दोघं विद्यापीठातून बाहेर पडले होते. काम दुसऱ्यांनी हातात घेतलं, आणि तेव्हापासून ते असंच हातोहात चाललंय.

हा इतिहास कळल्यावर बाकीच्या अडचणींकडेही मी वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

ब्रश फिरवतोय पण रंग उमटत नाही? बहुतेक वेळा कुठेतरी कोपऱ्यात छोटंसं सिलेक्शन राहिलेलं असतं. कंट्रोल-शिफ्ट-ए दाबा, सुटेल. कधी नुकतंच पेस्ट केलेलं चित्र अधांतरी तरंगत असतं आणि ते खाली टेकवल्याशिवाय दुसरं काही करू देत नाही. याला 'फ्लोटिंग सिलेक्शन' म्हणतात. ही सोय गिम्पमध्ये लेयर नव्हते तेव्हाची आहे. लेयर आले तरी ती घरातल्या जुन्या कपाटासारखी तिथेच राहिली.

खोडरबर फिरवल्यावर आरपार दिसायच्या ऐवजी पांढरं दिसतं? जेपीजीमध्ये पारदर्शकतेची सोयच नसते. लेयरला आधी अल्फा चॅनेल जोडा.

मराठी अक्षरांचीही अशीच गोष्ट आहे. 'कि' लिहिताना वेलांटी टाइप होते नंतर आणि दिसायला हवी आधी. जोडाक्षरांचं तर विचारूच नका. हे काम 'पँगो' नावाची लायब्ररी करते. ग्रीकमधलं 'पॅन' म्हणजे सगळं आणि जपानीतलं 'गो' म्हणजे भाषा, यांतून ते नाव केलंय. २००४ च्या गिम्प २.० पासून ती मजकुराची मांडणी सांभाळते. तरीही चौकोन दिसले तर निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नाही असं समजा. आणि पत्रिकेचा मजकूर पेस्ट केल्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी उमटली, तर तो युनिकोडच्या आधीच्या डीटीपी फाँटमध्ये टाइप झालेला असतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो.

म्हणजे आपण ज्याला 'प्रॉब्लेम' म्हणतो तो बऱ्याचदा कुणीतरी, कधीतरी, काही कारणाने घेतलेला निर्णय असतो. कारण कळलं की उपायही लवकर सापडतो.

केलेला बदल मागे घेता यावा, ही गिम्पच्या लोकांची जुनी इच्छा. त्यासाठी लागणारं जीईजीएल नावाचं इंजिन २००० सालापासून घडत होतं. २००८ च्या २.६ मध्ये त्याचा शिरकाव झाला, २०१८ च्या २.१० मध्ये ते खऱ्या अर्थाने गाभ्याशी आलं. मार्च २०२५ मध्ये ३.० आली, आणि लावलेला फिल्टर नंतर केव्हाही काढता किंवा बदलता येऊ लागला. पाव शतक गेलं. तुमच्या फोनच्या गॅलरीत 'मूळ फोटो परत आणा' असं बटण असेल, तर त्यामागेही हाच विचार आहे.

आता क्रॉप करताना 'डिलीट क्रॉप्ड पिक्सेल्स'वरची खूण काढून ठेवली, तर चौकटीबाहेरचा भाग फक्त डोळ्याआड होतो, आणि एक्ससीएफ फाइलमध्ये तो तसाच राहतो. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ तसाच बसून होतो.

आजीचा फोटो अजून भिंतीवर आहे. तेव्हा घाईत चौकोन जरा सैल ओढला गेला होता, त्यामुळे डाव्या कडेला एक कोपर आणि पदराची किनार राहिली आहे. आई हार बदलते तेव्हा ती बाजू झाकली जाणार नाही असा घालते.

तुम्ही घरातला जुना फोटो उघडणार असाल, तर आधी त्याची एक प्रत करून ठेवा. मग काय हवं ते करा.